साठीनंतरचं मैदान (लेखांक 8) : संथ स्विंगला साजेसा ड्रायव्हर

मागच्या लेखांकात आपण चालण्याच्या बुटांबद्दल बोललो. आज विषय गोल्फचा, आणि त्यातही एकाच वस्तूचा : ड्रायव्हर, म्हणजे टीवर ठेवलेल्या चेंडूला पहिला लांब फटका मारायची काठी. यवतमाळकराला गोल्फ भेटतो तो बहुतेकदा जिल्ह्याबाहेर. कुणाला लष्करी किंवा सरकारी नोकरीत त्याची गोडी लागली, कुणी नागपूर-कामठीकडे खेळायला जातो, तर कुणाला मुलगा-सून पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत मैदानावर घेऊन जातात. साठी-सत्तरीतल्या माणसाला मोकळ्या हवेत तीन-चार तास चालवणारा आणि कुणाशी धक्काबुक्की न होणारा हा खेळ मनापासून आवडतो. अडचण येते ती काठी विकत घेताना. दुकानात पुढे केला जातो तो टीव्हीवरच्या तरण्या खेळाडूच्या हातातला ड्रायव्हर. तो महाग असतो, दिसायला देखणा असतो, आणि संथ स्विंगच्या माणसासाठी बहुधा चुकीचा असतो.

आधी वेगाचा हिशेब करू. अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिक दौऱ्यावर काठीचं डोकं चेंडूला भिडतं तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे 113 ते 115 मैल, म्हणजे 180 किलोमीटरच्या पुढे असतो. हौशी पुरुषांची सरासरी 93 मैलांच्या आसपास आहे. वय वाढतं तसं कंबर आणि पाठीचं वळणं कमी होतं, स्नायूंचा झटका ओसरतो, आणि सत्तरीत हा वेग 75 ते 85 मैलांवर येणं अगदी स्वाभाविक आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र 115 मैलांसाठी घडवलेली काठी 75 मैलांना साथ देत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

पहिला मुद्दा लॉफ्टचा, म्हणजे काठीच्या तोंडाच्या तिरकेपणाचा. गोल्फचा चेंडू उलटी फिरकी घेत उडतो आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते. हा उचल देणारा जोर चेंडूच्या वेगावर अवलंबून असतो. वेगवान चेंडू सपाट निघाला तरी हवेत तरंगत राहतो, संथ चेंडू सपाट निघाला की लवकर खाली येतो. अंगणातल्या नळाला दाब कमी असला की झाडापर्यंत पाणी पोचवायला आपण पाइपचं तोंड वर करतो, तसंच इथे करायचं. म्हणून 75-80 मैलांच्या स्विंगला 9 अंशांचा ड्रायव्हर सहसा जमत नाही. सुरुवात 10.5 पासून करावी, 12 अंशांचा जरूर मारून पाहावा, आणि 13 च्या पुढचा हाती आला तर तोही नाकारू नये. चेंडू जमिनीशी साधारण 14 ते 16 अंशांचा कोन करून निघाला, तर या वेगाला तो चांगला मानतात. जास्त लॉफ्ट म्हणजे नवशिक्याची काठी, हा समज अनेक ज्येष्ठांचे दर फटक्याला कितीतरी यार्ड खाऊन टाकतो.

दुसरा मुद्दा शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा. त्याच्या लवचीकपणासाठी अक्षरं छापलेली असतात : एक्स आणि एस कडक, आर मध्यम, ए किंवा सीनियर मऊ, एल सर्वांत मऊ. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या ए इतका मऊ निघू शकतो. त्यामुळे अक्षराइतकंच वजन बघा. दौऱ्यावरचे खेळाडू 60-70 ग्रॅमचे शाफ्ट वापरतात. संथ स्विंगला 40 ते 50 ग्रॅमचा पुरतो. पूर्ण ड्रायव्हरचं वजन साधारण 300 ते 320 ग्रॅम असतं, आणि ज्येष्ठांसाठीचे हलके ड्रायव्हर त्याहून बरेच खाली उतरतात. जपानी झेक्सिओ ही मालिका 2000 सालापासून याच विचारावर उभी आहे. कॅलवे, पिंग, टेलरमेड, कोब्रा यांच्याकडेही हलकी, उंच उड्डाणाची मॉडेलं मिळतात. हलकेपणालाही मर्यादा आहे. काठी फारच हलकी झाली तर तिचं डोकं कुठे आहे हे हाताला कळत नाही आणि स्विंगची लय तुटते. खांदा किंवा मनगट दुखत असेल तर मात्र हलक्या शाफ्टचा लाभ यार्डांत मोजायची गरजच नाही, तो शरीराला लगेच जाणवतो.

तिसरा मुद्दा लांबीचा, आणि इथे जाहिरात सर्वाधिक फसवते. आज दुकानातला ड्रायव्हर साधारण 45.5 ते 46 इंचांचा असतो. लांब काठीला वेग जास्त, हे खरं. पण चेंडू तोंडाच्या मधोमध लागला नाही तर तो वेग वाया जातो. आकड्यांत पाहू. चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग, या गुणोत्तराची ड्रायव्हरसाठी व्यवहारातली कमाल 1.5 च्या आसपास आहे. 75 मैलांचा स्विंग आणि गुणोत्तर 1.40 असेल, तर चेंडू 105 मैलांनी निघतो. त्याच स्विंगने फटका मधोमध बसला आणि गुणोत्तर 1.48 झालं, तर तो 111 मैलांनी निघतो. चुकीच्या जागी मारून तेवढाच वेग मिळवायला स्विंग 79 मैलांच्या वर न्यावा लागेल. सत्तरीत चार मैल वाढवायला महिनोन्महिने व्यायाम लागतो, काठी अर्धा-एक इंच आखूड करायला कारागिराला काही मिनिटं पुरतात. एवढंच बघा, की दांडा कापल्यावर डोकं हाताला हलकं लागतं, म्हणून त्यात थोडं वजन भरून घ्यावं लागतं.

हा मुद्दा पटवणारं उदाहरण आपल्याच देशात आहे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. लांब मारणाऱ्यांच्या यादीत ती खूप खाली होती, तरी शेवटच्या दिवसापर्यंत जगातल्या अव्वल खेळाडूंच्या बरोबरीने लढली. महिला दौऱ्यावरचा सरासरी स्विंगवेग सुमारे 94 मैल आहे, म्हणजे हौशी पुरुषाइतकाच. तरी त्या त्याच्याहून कितीतरी भरवशाने आणि सरळ मारतात, कारण फटका मधोमध बसतो आणि काठी चेंडूला भिडताना किंचित वर चढत असते. ज्येष्ठांनी शिकायचं ते या खेळाडूंकडून.

वर चढता फटका मारायला ताकद लागत नाही. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी), आणि टी इतकी उंच ठेवा की अर्धा चेंडू काठीच्या डोक्याच्या वर दिसेल. 75 मैलांच्या स्विंगला सपाट फटक्याऐवजी पाच अंश चढता फटका साधला, तर साधारण दहा यार्ड वाढतात, आणि त्यासाठी खिशातून रुपयाही जात नाही.

आता काठीच्या डोक्याकडे वळू. 1980 च्या दशकापर्यंत ड्रायव्हरचं उत्तम डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असे. हा अमेरिकेतला वृक्ष आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला आहे. ज्या तेंदूची पानं पांढरकवड्याच्या जंगलात उन्हाळ्यात बिड्यांसाठी तोडली जातात, त्याची आणि पर्सिमनची वनस्पतिशास्त्रातली प्रजाती एकच, डायोस्पायरॉस. या लाकडाच्या डोक्याचं आकारमान 200 घनसेंटीमीटरच्या आतबाहेर असे आणि नेमक्या मधल्या जागेबाहेर फटका लागला की चेंडू भरकटत असे. 1979 मध्ये पोलादी डोकं बाजारात आलं, 1990 च्या दशकात टायटॅनियम आलं, आणि आज नियमांनी घालून दिलेली आकाराची कमाल 460 घनसेंटीमीटर आहे. मोठ्या डोक्यात वजन कडेला नेता येतं, त्यामुळे फटका थोडा बाजूला लागला तरी डोकं कमी वळतं. ज्येष्ठाला या माफ करणाऱ्या गुणाची सर्वाधिक गरज असते. म्हणून लहान, देखण्या, खेळाडूंसाठीच्या डोक्याच्या मोहात पडू नका.

जर्मनीचा बर्नहार्ड लँगर हे त्या सगळ्या बदलांचं चालतंबोलतं उदाहरण. 1993 ची मास्टर्स स्पर्धा त्याने पर्सिमनचा ड्रायव्हर घेऊन जिंकली. त्यानंतर कुणीही लाकडी ड्रायव्हरने मेजर, म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकलेली नाही. 2023 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याने यू. एस. सीनियर ओपन जिंकली, अर्थात आधुनिक काठी घेऊन. जुन्या काठीवर माया असूनही वयाला जे लागतं ते स्वीकारण्यात शहाणपण आहे, हे त्याच्या कारकिर्दीवरून दिसतं.

‘नवं तोंड, आणखी वेग’ या घोषणेबद्दल मात्र सावध राहा. काठीच्या तोंडाने चेंडूला किती उसळी द्यावी यावर नियमांची मर्यादा आहे आणि 2008 पासून ती जगभर लागू आहे. त्या मर्यादेला बहुतेक कंपन्या कधीच पोचल्या आहेत. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि या वर्षीचा, यांत मधोमध लागलेल्या फटक्यापुरता फरक किरकोळ राहतो. नव्याची किंमत आपल्याकडे सहज पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते. तेव्हा सुस्थितीतला वापरलेला ड्रायव्हर घेऊन उरलेल्या पैशांत हलका शाफ्ट आणि जाड, मऊ ग्रिप बसवून घेणं हा उत्तम सौदा आहे. सांधेदुखी असलेल्या बोटांना जाड ग्रिपने मोठा आराम मिळतो. मर्यादेपलीकडे उसळी देणारे ड्रायव्हरही विकले जातात. मित्रांसोबत ते खेळायला हरकत नाही, स्पर्धेत ते चालत नाहीत.

उजव्या हाताने खेळताना चेंडू सतत उजवीकडे वळत असेल, तर डोक्याच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, वजन असलेलं मॉडेल मागा. जिथे काठीच्या मानेजवळची कळ फिरवून लॉफ्ट बदलता येतो, तिथे लॉफ्ट वाढवला की तोंडही थोडं डावीकडे वळतं, त्याचाही उपयोग होतो.

विकत घेण्याआधी मारून पाहा. मोठ्या शहरांत चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारी यंत्रं असलेली दुकानं आहेत. तिथे जाताना आपला जुना ड्रायव्हर सोबत न्या, म्हणजे तुलना खरी होईल. दोन्हींनी दहा-दहा फटके मारा आणि सर्वांत लांब फटका विसरून सरासरी बघा. किती फटके मैदानाबाहेर गेले असते, तेही मोजा. थकल्यावर पुन्हा पाच मारा. अठरा होलच्या खेळात ड्रायव्हर चौदाच्या आसपास वेळा लागतो आणि निम्मे फटके दमलेल्या अंगाने मारायचे असतात. यंत्र नसेल, तर काठीच्या तोंडावर टाल्कम पावडर लावा. चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. ज्या काठीचे ठसे मध्याजवळ गोळा होतात, ती तुमची.

विदर्भापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यात जमीन टणक असते, हवा तापून विरळ झालेली असते, चेंडू जास्त उडतो आणि पडल्यावर लांब घरंगळतो. तेव्हा सपाट मारणारी काठीही चांगली वाटते. जुलैत ओल्या जमिनीवर चेंडू पडतो तिथेच थांबतो आणि उपयोगी पडतं ते हवेतलं अंतर. पाहणी उन्हाळ्यात केली असेल, तर घरंगळलेलं अंतर सोडून उडालेलंच मोजा.

दुकानदाराने विचारलं, की सीनियर शाफ्ट दाखवू का, लेडीज दाखवू का, तर संकोच करू नका. दांड्यावरचं अक्षर मैदानावर कुणी वाचत नाही. मधोमध बसलेला फटका आणि दुसऱ्या दिवशी न दुखणारी पाठ, या दोन कसोट्यांवर काठी उतरली की ती घ्या. उरलेली वर्षं आनंदाने खेळायची असतील, तर काठीने आपल्या शरीराशी जुळवून घ्यायला हवं, शरीराची तिच्यासाठी ओढाताण नको.

पुढच्या लेखांकात याच संथ स्विंगसाठी चेंडू कोणता घ्यावा आणि मऊ-कडक चेंडूंत खरा फरक किती, ते पाहू.