सैन्यातला ट्रक, वणव्याचा बंब

सैन्याने बाद ठरवलेले वाहन थेट भंगारात जाते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र अशा अनेक ट्रकांचे दुसरे आयुष्य गावच्या अग्निशमन दलात सुरू होते. तेथील बहुसंख्य दले स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि नवा बंब घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून संरक्षण खात्याची अतिरिक्त वाहने तेथील वनसेवा राज्यांच्या वनखात्यांमार्फत या दलांना उपलब्ध करून देते. एका योजनेत वाहनाची मालकी केंद्र सरकारकडेच राहते, तर दुसरीत ती दलाकडे जाते. पण ट्रकचा बंब करण्याचे काम आणि त्याचा खर्च बहुतांशी गावालाच उचलावा लागतो.

या कामी वर्षानुवर्षे वापरात राहिलेले वाहन म्हणजे ‘एम-३५’ हा अडीच टनी ट्रक. आपल्याकडे जबलपूरच्या ‘शक्तिमान’ला जे स्थान होते, तेच अमेरिकी सैन्यात या ट्रकला होते. १९५० च्या सुमारास तो सेवेत आला. तीन ॲक्सल आणि सहाही ठिकाणी चाकांना इंजिनाची ताकद, त्यामुळे चिखल, वाळू वा चढण यांची त्याला फारशी तमा नसते. त्याच्या ‘ए-२’ या प्रकारातील इंजिन डिझेलवर चालतेच, शिवाय रॉकेल, जेट इंधन आणि अडचणीच्या वेळी पेट्रोलही चालवून घेते. वणवा विझवायला रस्ता सोडून रानात शिरावे लागते, तेथे असे वाहन अनमोल ठरते.

दुरुस्तीची सुरुवात बहुधा रबरापासून होते. ट्रक धावण्यापेक्षा उभा राहून अधिक खराब होतो. टायर बाहेरून जाड दिसले तरी त्यांना भेगा पडलेल्या असतात, रबरी नळ्या व सील कडक होतात, टाकीच्या तळाशी गंज आणि गाळ साचतो. वीजव्यवस्थाही निराळी असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा प्रवाह घेतलेला असतो. बाजारात सहज मिळणारे १२ व्होल्टचे दिवे, भोंगा किंवा वायरलेस संच थेट जोडले तर ते जळतात. एकाच बॅटरीवरून ते चालवले तर दोन्ही बॅटऱ्यांचा समतोल बिघडतो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारे स्वतंत्र उपकरण बसवावे लागते.

खरी काळजी असते ती ब्रेकची. ‘ए-२’ ट्रकमध्ये हवेच्या दाबाची मदत घेणारे तेलाचे ब्रेक आहेत. पण सर्व चाकांसाठी तेलाचा मार्ग एकच. एखादी नळी फुटली की पायाखालचा ब्रेक पूर्णपणे जातो. हाताचा ब्रेक उरतो, पण तो मुख्यतः उभे वाहन जागी रोखण्यासाठी असतो. म्हणून जाणकार सर्व नळ्या आणि चाकांतील सिलिंडर आधी बदलतात; पुढच्या व मागच्या चाकांसाठी तेलाचे दोन स्वतंत्र मार्गही करून घेतात. सैन्याने या वाहनांत सिलिकॉनवर आधारित ब्रेक ऑइल वापरले होते. त्यात नेहमीचे ऑइल मिसळून चालत नाही.

पाण्याच्या टाकीचा हिशेब याहून फसवा आहे. या ट्रकची भारक्षमता रस्त्यावर सुमारे ४,५०० किलो, तर रानात केवळ २,२७० किलो धरली जाते. अमेरिकी मापाच्या १,००० गॅलनांची टाकी म्हणजे ३,७८५ लिटर, अर्थात जवळजवळ ३.८ टन पाणी. लोखंडी टाकी, पंप, होजपाइप आणि माणसे यांचे वजन वेगळेच. रस्त्यावर हा भार जेमतेम बसेल. रानात मात्र तो मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. ५०० गॅलनांच्या पाण्याचेच वजन १,९०० किलोच्या घरात जाते, तेव्हा तेथेही उरलेल्या प्रत्येक किलोचा विचार करावा लागतो.

त्यातच पाणी स्थिर राहत नाही. अर्धी भरलेली टाकी वळणावर एका बाजूला लोटते आणि उंच बांध्याचा ट्रक कलंडू शकतो. पाणीवाहू वाहने उलटून अग्निशामकांचे बळी गेल्याच्या घटना अमेरिकेत पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. म्हणूनच टाकीत आडव्या-उभ्या पडद्या घालून पाण्याची हालचाल रोखली जाते, टाकी शक्य तितकी खाली आणि ॲक्सलांवर भार योग्य वाटला जाईल अशी बसवली जाते. चासीला सरसकट भोके पाडणे वा वेल्डिंग करणे टाळावे लागते. खडबडीत जमिनीवर चासी पिळवटते आणि तिच्याशी जखडलेली टाकी तडकते.

रंगरंगोटी झाली, लाल दिवा लागला, म्हणजे बंब तयार झाला असे नव्हे. पाण्याने भरलेली टाकी, सर्व साहित्य आणि पूर्ण पथक यांच्यासह तो वजनकाट्यावर न्यायचा, प्रत्येक ॲक्सलवरचा भार तपासायचा आणि मगच त्याच भाराने मोकळ्या मैदानात ब्रेकची परीक्षा घ्यायची. या परीक्षेत आढळलेली उणीव कार्यशाळेत दुरुस्त करता येते. वणव्यातल्या उतारावर ती लक्षात आली, तर तेवढा अवधी मिळत नाही.