मधल्या गावाच्या वाट्याला काय?

इंदूर-उज्जैन रस्त्यावर सांवेर साधारण मधोमध. 30 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 2023 या काळात मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा सामने गावाच्या दोन्ही अंगांना रंगले: इंदुरात बास्केटबॉल, टेबल टेनिस, उज्जैनला मल्लखांब, योगासने.

अशा सोहळ्याचा पैसा मैदाने, निवास, वाहतूक यांत जातो आणि यजमान शहरातच राहतो. सांवेरसारख्या तालुक्याच्या उपयोगाचा निधी वेगळ्या खात्यातला. खेलो इंडिया योजनेतल्या प्रशिक्षण केंद्राला एका खेळासाठी एकदा 5 लाख आणि पुढे वर्षाला 5 लाख. प्रशिक्षकाचे मानधनही त्यातच. मल्लखांबाचे एवढ्यात भागते: सागवानी किंवा शिसवी खांब, एरंडेल, जाड गादी आणि रोज हजर राहणारा उस्ताद. 2013 पासून मल्लखांब मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, पण त्याला खरा हात दिला तो मोठ्या स्पर्धेच्या यादीतल्या नावाने. निवड झालेल्या खेळाडूचा महिना 10 हजारांचा भत्ता बहुधा त्याच वाटेने येतो. फुटबॉलला मात्र आधी मैदान हवे, आणि तिथे 5 लाख कुठच्या कुठे विरतात.