विश्लेषण : अलिबागचे अपील ऐकणारे न्यायमूर्ती कुठून येतात?

रायगडचे जिल्हा न्यायालय अलिबागला आहे. तेथून पुढची दाद मुंबई उच्च न्यायालयात मागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले, रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. तेथे अपील ऐकणारे न्यायमूर्ती त्या पदापर्यंत कसे पोहोचतात?

वाटा किती?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ नुसार प्रामुख्याने दोन. उच्च न्यायालयातील किमान १० वर्षांची वकिली किंवा १० वर्षांचे न्यायिक पद. साधारण दोन तृतीयांश न्यायमूर्ती वकिलांमधून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायव्यवस्थेतून घ्यावेत, असा संकेत आहे.

प्रत्यक्ष उदाहरणे?

न्या. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. उच्च न्यायालय गाठायला त्यांना १८९३ साल उजाडले. न्या. अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाण्यात वडिलांच्या कार्यालयातून वकिली सुरू केली आणि २००३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. पुढे कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय.

निवड कोण करते?

उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावे सुचवतात. राज्य व केंद्र सरकारकडून ती सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाकडे जातात. अखेरीस राष्ट्रपती नियुक्ती करतात. सुरुवातीला बहुधा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, कमाल दोन वर्षांसाठी.

पेच कोठे आहे?

वयात. उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, येथून सुरुवात करणारा वरिष्ठ स्तर व जिल्हा न्यायाधीश या पायऱ्या चढून वर येईपर्यंत हाती थोडीच वर्षे उरतात. त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायसेवेत प्रवेशासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. अनुभव वाढेल, पण सुरुवात लांबेल.

पक्षकाराला फरक काय?

अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. निर्णय नोंदलेल्या कागदांवर होतो. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या जमिनीच्या वादात सातबारा, फेरफार आणि साक्ष एकत्र वाचावी लागते. वर्षानुवर्षे साक्षी स्वतः नोंदवलेल्या न्यायाधीशाला त्या कागदांमागची माणसे ओळखीची असतात. तो अनुभव वरच्या न्यायालयात जेमतेम काही वर्षेच वापरला जात असेल, तर तोटा पक्षकाराचाच.