वादळ आणि परसातील खुराडे



वादळाची सूचना आली म्हणजे मनुष्य प्रथम घराचे छप्पर पाहतो, मग गोठा पाहतो. कोंबड्यांची आठवण त्यास बहुधा खुराड्याचा पत्रा उडाल्यावर होते. बैल दावे तोडून निघून जाईल, कुत्रा ओट्याखाली शिरेल. परंतु कोंबडीस आपण जेथे कोंडली तेथेच तिला राहावे लागते. तिची वाट आपण बंद केलेली असल्यामुळे तिच्या रक्षणाचा भारही आपल्यावरच येतो. तो कसा उचलावा, याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आमचे साजगाव खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या शेजारी, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. समुद्र येथून दूर. तेव्हा चक्रीवादळ हे किनाऱ्यावरच्या लोकांचे संकट, असे मानण्याकडे आम्हां आतल्या गावांतील लोकांचा कल असतो. ३ जून २०२० रोजी, वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली असता, ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर व झोतांचा १२० पर्यंत होता. श्रीवर्धनाकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस विजेवाचून राहिली. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरू लागतो हे खरे. परंतु ते किनाऱ्यावरच थांबत नाही. हे वादळही आत ईशान्येच्या दिशेने सरकत गेले. तात्पर्य, डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

वारा खुराड्याचे नेमके काय करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्यास खाली दाबीत नाही, तर वर ओढतो. त्यातच समोरच्या जाळीतून आत शिरलेला वारा त्यास खालून ढकलतो. म्हणून पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. जोराच्या झोतात तेच दगड कोंबड्यांच्या अंगावर पडावयाचे. पत्रा तारेने वाशास, वासा खांबास आणि खांब जमिनीत पक्का, अशी साखळी असावी. तिचा एक दुवा कच्चा राहिला तर बाकीचे पक्के असून उपयोग नाही.

छप्पर बांधल्यावर साहजिकच चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून टाकावी असे वाटते, आणि येथेच सावध राहिले पाहिजे. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा थंड होण्याचा मुख्य उपाय. ज्येष्ठातल्या दमट हवेत, कोंदट पेटीत हा उपाय निकामी होतो, आणि ओल्या विष्ठेतून निघणारी उग्र वाफ तिचे डोळे व श्वास दोन्ही पिडते. वाऱ्यापासून वाचविलेली कोंबडी अशा रीतीने आपल्याच हातून गुदमरते. म्हणून वाऱ्याच्या तोंडास ताडपत्री आवळून बांधावी, परंतु वळचणीखाली, दोन्ही अंगांस, वीतभर उंचीची जाळीची फट मोकळी ठेवावी. चक्रीवादळाचा केंद्रभाग पुढे सरकला की वाऱ्याची दिशा पालटते. तेव्हा एका अंगाची फट बंद करावी लागली तरी दुसरी चालू राहील.

ज्यांच्याकडे पाच-दहाच कोंबड्या आहेत त्यांनी खुराड्यावर विसंबूच नये. वादळाच्या आदल्या संध्याकाळी पडवीत किंवा अडगळीच्या खोलीत डालग्यांखाली त्या हलवाव्यात. हे काम तिन्हीसांजेस करावे. अंधार पडला म्हणजे कोंबडीस दिसेनासे होते आणि ती बिनतक्रार हाती लागते. एका डालग्याखाली फार गर्दी करू नये, कारण भ्यालेल्या कोंबड्या एकीवर एक चढतात व खालच्या चिरडतात. कोंबडा निराळा ठेवावा, आणि पिल्लांची कोंबडी पिल्लांसह स्वतंत्र असावी.

शिधापाण्याचा हिशेब सोपा आहे. मोठी कोंबडी दिवसास सुमारे १२० ग्रॅम दाणा खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. दहा कोंबड्यांस पाच दिवसांकरिता सहा किलो दाणा व बारा-तेरा लिटर पाणी लागेल. दाणा झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावा. आमच्याकडे कार्तिकीस विठोबाची जत्रा भरते, तीत सुकी मासळी विपुल येते. तिच्यातला थोडा चुरा जपून ठेवला तर पावसाळ्यात कणी-कोंड्यास चांगली जोड होते.

वादळ सुरू झाल्यावर मात्र एक नियम कठोरपणे पाळावा: कोंबडीसाठी कोणीही बाहेर पडू नये. उडता पत्रा आणि तुटलेली विजेची तार यांस दया नसते. मध्येच वारा पडला तरी ती उसंत फसवी असू शकते.

वादळ सरल्यावर रोग येतात. भिजलेले तूस फावड्याने काढून कोरडे पसरावे, थोडा चुना मिसळावा. ओल राहिली की रक्ती हगवण होते. बुरशी आलेला दाणा फेकून द्यावा. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. डबकी बुजवावीत, कारण डासांबरोबर देवीचा रोग फिरतो. मानमोडीची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घेतलेली बरी. अंडी काही दिवस कमी मिळतील. त्याने घाबरू नये. भीतीने थांबलेले अंडे कोरडी जागा व पुरेसा दाणा मिळाला म्हणजे पुन्हा येऊ लागते.

शेवटी एक विनंती. शहरातील सुशिक्षित कुटुंबास चार कोंबड्या म्हणजे हौस. त्या गेल्या तर दुसऱ्या आणता येतात. परंतु आमच्या बाजूच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील बाईची कोंबडी ही तिची पेढी असते. मुलाचे औषध, जत्रेचे लुगडे, नडीचे चार पैसे त्यातूनच निघतात. हवामान खात्याची सूचना आपल्या कानी आधी येते, तिच्या कानी उशिरा, आणि त्यातही ती समजेल अशा शब्दांत येईलच असे नाही. म्हणून सूचना ऐकल्यावर आपल्या खुराड्यास तार बांधावी, आणि उरलेली तार घेऊन त्याच संध्याकाळी शेजारच्या वाडीपर्यंत जाऊन यावे. तारेस खर्च थोडा लागतो. वेळ मात्र वादळापूर्वीचाच उपयोगी पडतो.