संगणकाच्या घड्याळाची पायरी केवढी?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. आपण प्रोग्राममधून वेळ विचारतो, संगणक एक आकडा देतो आणि आपण पुढे जातो. त्या आकड्यात दशांश चिन्हानंतर सहा-सात अंक असतात, म्हणून घड्याळ तितकं बारीक चालत असेल असं आपण धरून चालतो. हे धरून चालणंच चुकीचं आहे. घड्याळाची खरी पायरी केवढी, हे प्रोग्रामरला सांगणं ही प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीची जबाबदारी का आहे, ते आज पाहू. उदाहरण पायथॉनचं घेतो, कारण तिथे ही गोष्ट नीट मांडली गेली आहे.

या मालिकेच्या प्रेक्षकांकडून मला वरचेवर येणारा एक प्रश्न असा : "सर, माझं फंक्शन चालायला शून्य सेकंद लागले असं येतंय. लॅपटॉप इतका वेगवान आहे का?" लॅपटॉप वेगवानच आहे, पण शून्याचं कारण वेगळं आहे. त्याआधी जरा बाजारात जाऊन येऊ.

किराणा दुकानातला डिजिटल काटा आठवा. पडद्यावर किलोचे तीन दशांश दिसतात, १.२३५ वगैरे. तुम्ही एकेक शेंगदाणा टाकत गेलात तर आकडा १.२३६ होत नाही. बराच वेळ तसाच राहतो आणि मग एकदम १.२४० होतो. म्हणजे पडदा एक ग्रॅम दाखवू शकतो, पण काटा पाच ग्रॅमच्या उडीने चालतो. कायद्याप्रमाणे तपासून मंजूर झालेल्या काट्यावरची पाटी पाहा. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन आणि ‘ई = ५ ग्रॅम’ अशी नोंद असते. ही ‘ई’ म्हणजे काट्याची पायरी. पडद्यावरचे अंक काहीही दाखवोत, भरवसा पाटीवर ठेवायचा. सोनाराकडचा काटा वेगळा, भाजीवाल्याचा वेगळा. फरक पाटी वाचली की कळतो.

संगणकाच्या घड्याळालाही अशी पायरी असते. तिला रिझोल्यूशन म्हणतात. दोन वेळा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात कमीत कमी जेवढं अंतर लागतं, तेवढी ती पायरी.

ती येते कुठून? हार्डवेअरमधला टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला टिचकी मारतो आणि त्या प्रत्येक टिचकीला ऑपरेटिंग सिस्टिम आपलं घड्याळ पुढे सरकवते. विंडोजमध्ये ही टिचकी नेहमीच्या स्थितीत सेकंदाला ६४ वेळा पडते. एक भागिले ६४ म्हणजे १५.६२५ मिलिसेकंद. विंडोजचं वेळ सांगणारं जुनं फंक्शन १०० नॅनोसेकंदांच्या एककात आकडा देतं. एकक केवढं बारीक! पण तो आकडा एकदम १,५६,२५०ने वाढतो. किराणा दुकानातल्या काट्याचीच गोष्ट. लिनक्समध्ये टिचक्यांचा वेग कर्नल बांधताना ठरतो : सेकंदाला १००, २५० किंवा १०००. पण तिथलं नेहमीचं घड्याळ दोन टिचक्यांच्या मधला वेळ प्रोसेसरच्या मोजणी-यंत्रावरून भरून काढतं, त्यामुळे त्याची पायरी फार लहान असते.

आता तो ‘शून्य सेकंद’ समजून घेऊ. समजा फंक्शनला खरोखर ३ मिलिसेकंद लागतात आणि घड्याळाची पायरी १५.६२५ मिलिसेकंद आहे. तुमचे ३ मिलिसेकंद दोन टिचक्यांच्या मध्ये पूर्ण बसले, तर सुरुवात आणि शेवट यांची वेळ एकच दिसणार. उत्तर शून्य. मध्ये टिचकी पडली, तर उत्तर १५.६२५. याशिवाय तिसरं उत्तर नाही. शंभर वेळा मोजलंत तर साधारण ८१ वेळा शून्य येईल आणि १९ वेळा १५.६२५. खरं उत्तर, म्हणजे ३, एकदाही येणार नाही. ते शंभरांच्या सरासरीत दिसेल. अशा घड्याळावर कुणी एकदाच मोजून "मी कोड सुधारला, आधी पंधरा लागत होते, आता शून्य लागतात" असं म्हणालं, तर त्यात सुधारणा किती आणि टिचकीचा योगायोग किती, हे कोण सांगणार?

वेग मोजणं ही तशी निरुपद्रवी बाब. खरी अडचण क्रमाची आहे. एका खात्यात रक्कम जमा झाली आणि लगेच वजा झाली. दोन्ही नोंदी एकाच पायरीत पडल्या तर दोघींवर एकच वेळ. पुढे कुणी वेळेनुसार नोंदी लावल्या की वजावट आधी येऊ शकते आणि शिल्लक नसताना पैसे काढल्यासारखं दिसतं. शिवाय हा दोष लपून राहतो. हैदराबादमध्ये बसून लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम तिथे वर्षभर बिनतक्रार चालेल, आणि इंदूरच्या ग्राहकाच्या विंडोज सर्व्हरवर पहिल्याच दिवशी क्रम चुकवेल. कोड तोच, घड्याळ वेगळं. म्हणून पाटी हवी.

ही पाटी पायथॉनला ३.३ या आवृत्तीत मिळाली, २०१२ साली. व्हिक्टर स्टिनर आणि सहकाऱ्यांचा पेप ४१८ हा प्रस्ताव त्यामागे होता. टाइम मॉड्यूलमध्ये गेट-क्लॉक-इन्फो नावाचं फंक्शन आलं. त्याला घड्याळाचं नाव द्यायचं, ते चार गोष्टी सांगतं. पहिली, आतून ऑपरेटिंग सिस्टिमचं कोणतं फंक्शन वापरलं आहे. दुसरी, हे घड्याळ फक्त पुढेच जातं का. तिसरी, ते बाहेरून कुणी मागेपुढे करू शकतं का. आणि चौथी, रिझोल्यूशन, सेकंदांमध्ये. विंडोजवर साध्या वेळेच्या घड्याळाबद्दल विचारलं की तिथे ०.०१५६२५ असं स्वच्छ उत्तर यायचं, आणि वेग मोजण्यासाठीच्या पर्फ-काउंटर घड्याळाबद्दल विचारलं की १०० नॅनोसेकंद किंवा त्याच्या आसपासचा आकडा. दुसरा काटा शेजारीच ठेवलेला आहे, हेही पाटीवरूनच कळतं.

या चारांत ‘अचूकता’ नाही, हे लक्षात घ्या. पायरी लहान असणं वेगळं आणि वेळ बरोबर असणं वेगळं. दहा मिनिटं पुढे असलेलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा सेकंद काटेकोर मोजू शकतं. आपण किती चुकतोय हे घड्याळाला एकट्याने कळत नाही, त्यासाठी दुसरं घड्याळ लागतं. लायब्ररीने जे सांगता येतं तेवढंच सांगितलं, हे योग्यच झालं.

आता कुणी विचारेल, पाटी कशाला, लायब्ररीने सगळीकडे बारीक घड्याळच द्यावं ना? पायथॉनने तेही केलं. ३.१३ या आवृत्तीत, २०२४ साली, विंडोजवर नेहमीची दोन्ही घड्याळं बारीक प्रकारची झाली आणि १५.६ मिलिसेकंदांची पायरी १ मायक्रोसेकंदावर आली. पण तारखा पाहा : २०१२ ते २०२४. मधली बारा वर्षं त्या घड्याळाशी ज्यांचा संबंध आला, त्यांना पाटीचाच आधार होता. आजही कुणाकडे ३.८ असेल, कुणाकडे ३.१३.

शिवाय पायरी मुद्दाम मोठीही केली जाते. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. बारीक घड्याळ हाती असेल तर मेमरीतलं काही वाचायला किती वेळ लागला यावरून गुपितं ताडता येतात, हे त्यातून दिसलं. ब्राउझरांनी लगेच आपली घड्याळं जाडी केली. फायरफॉक्सने पायरी २० मायक्रोसेकंदांवर नेली. म्हणजे पायरी कायमची ठरलेली नसते. पुस्तकात वाचून पाठ करू नका, प्रोग्राम चालू असताना विचारा.

बाकी भाषांचं काय? युनिक्स जगात पॉझिक्सचं क्लॉक-गेटरेस हे फंक्शन फार आधीपासून आहे. सी भाषेच्या स्वतःच्या प्रमाणात मात्र असं फंक्शन सी २३ मध्ये आलं. जावाचं नॅनोटाइम आकडा नॅनोसेकंदांत देतं, पण घड्याळ तितक्या वेळा बदलेलच असं नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच बजावलं आहे. इशारा आहे, आकडा नाही.

आता पाटीच्याही मर्यादा पाहू. लिनक्सवर उत्तर येतं १ नॅनोसेकंद. पण वेळ विचारण्याच्या कामालाच त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणखी एक गंमत आहे. पायथॉनचं साधं वेळेचं फंक्शन १९७० पासूनचे सेकंद दशांश अपूर्णांकात देतं. तो अपूर्णांक ५३ बिटांत मावतो. आज हे सेकंद पावणेदोन अब्जांच्या घरात आहेत, त्यामुळे शेजारच्या दोन आकड्यांमध्ये सुमारे २३८ नॅनोसेकंदांचं अंतर पडतंच. घड्याळ कितीही बारीक असो, भांडंच लहान. म्हणून ३.७ मध्ये, २०१८ साली, नॅनोसेकंद पूर्णांकात देणारी फंक्शनं आली. तो प्रस्ताव पेप ५६४. त्यातच लिनक्सवर करून पाहिलेली मोजणी दिली आहे : पूर्णांकाच्या फंक्शनची लहानात लहान उडी ८४ नॅनोसेकंद, अपूर्णांकाच्या फंक्शनची २३९. गणिताने २३८, मोजून २३९!

तेव्हा पाटी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा दावा. तो वाचायचा आणि मग स्वतः पडताळायचा.

या भागाचा गृहपाठ तोच. पहिलं, आपल्या यंत्रावर गेट-क्लॉक-इन्फोला प्रत्येक घड्याळाची पायरी विचारा. दुसरं, एक लूप लिहा : वेळ घ्या, ती बदलेपर्यंत पुन्हा पुन्हा घेत राहा, फरक नोंदवा, असं लाखभर वेळा करून सर्वात लहान फरक काढा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. तिसरं, पुढे काही मोजाल तेव्हा एकूण वेळ पायरीच्या निदान शंभर पट भरेल इतक्या वेळा काम फिरवा. म्हणजे पायरीमुळे होणारी चूक एका टक्क्याच्या आत राहील. १५.६ मिलिसेकंदांच्या घड्याळावर याचा अर्थ दीड सेकंदाहून थोडा जास्त. आणि चौथं, जिथे क्रमाला महत्त्व आहे तिथे वेळेच्या भरवशावर राहू नका, नोंदीला अनुक्रमांक द्या. अनुक्रमांकाला टिचकीची वाट पाहावी लागत नाही.

तुमचे दोन आकडे किती आले, ते यंत्र आणि आवृत्ती यांच्यासह जरूर कळवा. पुढच्या भागात याच चार गोष्टींपैकी दुसरी घेऊ : घड्याळ मागे कसं जातं, आणि गेलं तर प्रोग्रामचं काय होतं.