पिशवीभर ट्यूबा आणि काचपट्टीवरची बुरशी

पावसाळा सुरू झाला की आमच्या त्वचारोग ओपीडीत औषधांच्या पिशव्या टेबलावर रित्या होऊ लागतात. गजकर्णाचा पेशंट रिकाम्या हाताने सहसा येत नाही. केमिस्टने दिलेली ट्यूब, मेव्हण्याला ‘लागू पडलेली’ ट्यूब, शेजारणीची उरलेली अर्धी ट्यूब. आम्ही आधी ट्यूबांवरची बारीक अक्षरं वाचतो, मग चट्टे बघतो.

कल्याणकडचे एक रिक्षावाले काका असेच आले. “मॅडम, ही लावली की दोन दिवसांत खाज गायब. सोडली की डबल!” ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि सोबत क्लोबेटासोल, म्हणजे अतिशय तीव्र स्टेरॉइड. खाज थांबवत होतं ते स्टेरॉइड. त्याने त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, लाली ओसरते आणि बुरशी मात्र निवांत पसरते. काकांच्या जांघेतल्या चट्ट्याला गजकर्णाची ठळक गोल कडाही उरली नव्हती. शिकाऊ डॉक्टर म्हणाली, “मॅडम, एक्झिमा वाटतोय.” म्हटलं, खरवडून बघ. तिने ब्लेडने कोंडा काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मायक्रोस्कोपला डोळा लावला. बुरशीचे फाटे फुटलेले पारदर्शक धागे सगळीकडे! काकांच्या ट्यूबसारखी बरीच मिश्रणं 2018 साली सरकारने बंदी घातलेल्या 328 औषधांच्या यादीत होती. तरी स्टेरॉइडच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय मिळायच्या काही थांबलेल्या नाहीत.

औषधं एकत्र आम्हीही देतो, पण हिशेब वेगळा असतो. बुरशीच्या पेशीचं आवरण टिकतं ते एर्गोस्टेरॉलवर. टर्बिनाफिन त्याच्या निर्मितीतली आधीची पायरी अडवतं, इट्राकोनाझोल नंतरची. एकाच रस्त्यावर दोन नाके बसवावेत तसं. टर्बिनाफिनचा नाका मात्र हल्ली बऱ्याचदा फोल ठरतो. ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही जात एका जनुकातल्या छोट्याशा बदलाच्या जोरावर त्याला दाद देत नाही. जपानी संशोधकांनी 2020 मध्ये भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून या जातीचं वर्णन केलं. ‘इंडो’ हे नाव तिथूनच चिकटलं. म्हणून पोटात एका गटाची गोळी आणि वरून दुसऱ्या गटाचं मलम, असा मेळ आम्ही घालतो. दोन्ही गोळ्या एकदम द्याव्यात का, यावर मात्र त्वचारोगतज्ज्ञांत अजून एकमत नाही. कॉन्फरन्समध्ये चहाच्या टेबलावरही त्यावरून जुंपते.

एकदा इट्राकोनाझोल घेऊनही गुण येईना म्हणून दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघडल्या. आत साखरेचे बारीक मणी असतात आणि औषध त्यांच्यावर चढवलेलं असतं. एका ब्रँडचे मणी बारीक, एकसारखे आणि भरपूर. दुसऱ्याचे जाडेभरडे आणि मोजकेच. मणी कसे आहेत, यावर औषध पोटात किती विरघळणार हे बरंचसं ठरतं. त्यात काकांसारखा पेशंट कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतो आणि वर ॲसिडिटीची गोळी टाकतो. मग जेमतेम विरघळणारं औषधही वाया जातं. ही कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची. हृदय कमजोर आहे का, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, हे आम्ही आधी विचारतो तेही उगाच नाही. इट्राकोनाझोल हृदयाला जड जाऊ शकतं आणि काही स्टॅटिन गोळ्यांशी त्याचं अजिबात जमत नाही.

काका बरे झाले आणि काही आठवड्यांनी पुन्हा हजर. चौकशी केली तेव्हा कळलं, काकू आणि मुलगा दोघेही खाजवत होते आणि घरात टॉवेल एकच.

तेव्हा ट्यूब घेताना मागची अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं, तर गजकर्णावर ती ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका. खाज थांबली म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. आणि डॉक्टरकडे येताना घरातल्या खाजवणाऱ्या प्रत्येकाला सोबत आणा.