छंदाचा खर्च आणि औषधाची डबी

गेल्या दिवाळीनंतर एक निवृत्त चित्रकला शिक्षक दवाखान्यात आले. वय ७१. त्यांचा रक्तदाब मी अनेक वर्षे पाहत आलो आहे; तो नेहमी आटोक्यात असे. त्या दिवशी मात्र १७८/१०२ भरला. पाच मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला, तरी आकडा फारसा उतरला नाही. "गोळ्या रोज चालू आहेत ना, सर?" या प्रश्नावर ते गप्प राहिले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीनेच सांगितले, "एक दिवसाआड घेतात. नव्या कॉम्प्युटरसाठी पैसे साठवताहेत म्हणे."

सर निवृत्तीनंतर संगणकावर चित्रे काढतात. त्यांचे यंत्र जुने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि दुकानदाराने सगळेच बदलण्याचा सल्ला दिला: नवे यंत्र, नवा मॉनिटर, एकूण सव्वा लाख. मॉनिटरचा आग्रह सरांचाच होता. "पडदा पिवळट झालाय, डॉक्टर. निळा रंग उठतच नाही," ते म्हणाले.

या छंदाला कोणी म्हातारपणाचे खूळ म्हणू नये. डेव्हिड हॉकनी या १९३७ साली जन्मलेल्या नामवंत चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅड हाती घेतला आणि २०२० चा वसंत ऋतू नॉर्मंडीत त्यावरच रंगविला. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना रंगांचा पसारा आवरत नाही, त्यांना पुसता येणारी रेघ आणि मोठे करून पाहता येणारे चित्र हा केवढा दिलासा असतो! छंद जपायचाच आहे. प्रश्न आहे तो खर्चाच्या क्रमाचा.

या क्रमात औषधे, तपासण्या आणि आरोग्य विम्याचा हप्ता यांना पहिले स्थान. त्यानंतर अडीअडचणीसाठी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. उरलेल्या पैशांतून छंदाचे वेगळे पाकीट करावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. त्यातला ठरावीक वाटा या पाकिटात टाकला, तर मुदत ठेव मोडण्याची किंवा हप्त्यांवर वस्तू घेण्याची वेळ येत नाही. औषधे महाग वाटत असतील, तर डोस कमी करू नका, डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रातील स्वस्त पर्यायांचा विचार करता येतो. रक्तदाबाची गोळी चुकविल्याने वाचलेले पैसे पक्षाघाताच्या एका झटक्यात कित्येक पटींनी जातात.

आता यंत्राकडे वळू. रंगचित्रासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड बहुधा लागत नाही. ते त्रिमितीय कामाला लागते. चित्रकाराला हवी असते ती रॅम. ३०० डीपीआयचे ए-फोर आकाराचे चित्र म्हणजे २४८० गुणिले ३५०८ बिंदू. त्याचा एक पूर्ण थर साधारण ३५ एमबी जागा व्यापतो. वीस थर केले तरी ७०० एमबीच होतात. म्हणून आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, मग रॅम वाढवावी. एवढ्याने पुष्कळ जुनी यंत्रे पुन्हा चालती होतात. क्रिटा आणि गिम्प ही चित्रकलेची साधने विनामूल्य आहेत व लिनक्सवरही चालतात. अंदाजपत्रकात चित्रांची प्रत ठेवण्यासाठी बाहेरची डिस्क आणि दुरुस्तीची तरतूदही धरावी. पडदा नसलेली पेन-टॅब्लेट स्वस्त असते आणि नजर समोर राहिल्याने मानही कमी वाकते.

सांभाळणाऱ्या मुलासुनांना एक विनंती. "या वयात कशाला?" असे विचारू नका. "नेमके काय अडते आहे?" असे विचारा आणि दुकानात सोबत जा. मोठी खरेदी महिनाभर लांबविली, तर गरज आणि मोह आपोआप वेगळे होतात.

सरांच्या बाबतीत अडत होते ते वेगळेच. बॅटरीच्या प्रकाशात पाहिले, तर दोन्ही भिंगे पिवळसर, धूसर झालेली. मोतीबिंदूत निळा रंग मंदावतो. चित्रकार क्लोद मोने यांनाही याच विकाराने छळले आणि १९२३ मध्ये त्यांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मी सरांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. गोळ्या रोज सुरू झाल्या, रक्तदाब आटोक्यात आला, मग एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. जुन्या यंत्रात एसएसडी आणि रॅम बसली. मॉनिटर तोच राहिला.

पुढच्या तपासणीला येताना त्यांनी आधी काढलेल्या एका चित्राची छापील प्रत आणली. नदी, घाट आणि वर आकाश. "सहा महिने हे आकाश मला फिकेच दिसत होते, म्हणून निळा ओततच राहिलो," ते हसत म्हणाले, "आता पाहवत नाही, डॉक्टर!" मी रक्तदाब मोजला. १३४/८२.